लपवलेल्या पोळ्या

ताई, सप्रेम नमस्कार.

आम्ही मुलुंड पूर्वेला राहतो. मी, हे, सातवीतली मुलगी, दुसरीतला मुलगा आणि सासूबाई. त्यांचं वय ७६. मी फोर्टला एका खासगी ऑफिसात अकाउंट्स बघते, हे ठाण्यात नोकरी करतात. दोघांचे मिळून १ लाख १२ हजार हातात येतात. वन बीएचके सासऱ्यांच्या वेळचा आहे, कर्ज नाही. महिन्याचा खर्च ४८ हजारांच्या वर जाऊ द्यायचा नाही, हे लग्नापासून ठरलेलं. गाडी नाही, एसी नाही, हप्त्यावर काही घ्यायचं नाही. वर्षाचे गहू-तांदूळ एकदम भरतो, मसाला घरचा, ट्रेनचा पास सहामाही, मुलांची पुस्तकं वाचनालयातून. यांचे वडील एलबीएस मार्गावरच्या एका कारखान्यात होते. तो बंद पडला तेव्हा हे नववीत होते. 'गरजा कमी ठेवल्या की कुणाचं मिंधं व्हावं लागत नाही,' असं हे म्हणतात आणि मला ते मनापासून पटतं. पटलं म्हणून तर लग्न केलं.

पण गेल्या वर्षभरात माझं काहीतरी बिघडलंय. आठवड्यातून दोनदा तरी मी स्टेशनजवळच्या पोळी-भाजी केंद्रातून पोळ्या घेते आणि आमच्या जिन्याच्या वळणावर उभी राहून त्या माझ्या डब्यात भरते. हे घरी यायच्या आत पोळ्यांच्या डब्यात रचून ठेवते. रिकामी पिशवी पर्समध्ये जाते आणि दुसऱ्या दिवशी सीएसएमटीच्या कचराकुंडीत. सासूबाईंना कळतं, पण त्या बोलत नाहीत. मे महिन्यात त्यांना रात्र-रात्र झोप नव्हती, बीपीच्या गोळ्या चालू आहेत. मी एसीचं काढलं तर हे म्हणाले, आपण लहानपणी कुठे एसीत झोपलो? आणि मागच्या आठवड्यात मुलीच्या मैत्रिणीचा वाढदिवस मॉलमधल्या गेम झोनमध्ये होता. यांनी भेट म्हणून घरातलंच एक चांगलं पुस्तक कव्हर घालून दिलं. मुलीने मैत्रिणीला फोन केला, ताप आलाय, येत नाही. रात्री दिवा घालवल्यावर तिने मला विचारलं, 'आई, आपण गरीब आहोत का गं?' मला उत्तर देता आलं नाही. जाऊबाई आम्हाला तोंडावर चिक्कू म्हणतात, त्याचं काही वाटत नाही. पण मला सांगा, माझीच मूल्यं कच्ची आहेत का?

एक वाचक, मुलुंड

*

तुमची मूल्यं कच्ची नाहीत. हे आधी सांगते, कारण तुम्ही त्याच प्रश्नाशी येऊन थांबलात आणि उत्तरासाठी तुम्हाला ताटकळत ठेवणं बरं नाही.

पत्र मी तीनदा वाचलं. तिन्ही वेळा त्या जिन्याच्या वळणाशी थांबले. दिवसभर दुसऱ्यांचे आकडे जुळवून, फोर्टपासून मुलुंडपर्यंत बहुधा उभ्यानेच आलेली बाई स्वतःच्या पगारातून घेतलेल्या पोळ्या चोरट्यासारख्या डब्यात भरते. वर कुणाची चप्पल वाजली तर झाकण लावते. मला त्या पोळ्यांची काळजी वाटत नाही, त्या झाकणाची वाटते. कारण तुमच्या घरात आज तिघीजणी काही ना काही झाकून ठेवताहेत. तुम्ही पोळ्या, मुलीने तापाच्या नावाखाली लाज, आणि सासूबाईंनी दिसतंय ते सगळं. ज्या घरात आणलेली पिशवी लपवावी लागते, तिथली काटकसर सगळ्यांची उरलेली नसते. ती एकाची झालेली असते आणि बाकीचे ती पाळत असतात.

मी लालबागच्या चाळीत वाढले. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मीही सातवीतच होते. वडील गिरणीच्या साचाखात्यात, म्हणजे मागांवर, होते. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्या संपात उतरले आणि तो मिटला असं रीतसर कधी कुणी सांगितलंच नाही. आई खानावळ चालवायची. वीस-बावीस गडी जेवायला असत, बहुतेक कोकणातले, काही घाटावरचे. संप लांबला तसे ते एकेक करून गावी गेले आणि वडिलांच्या पगारामागोमाग आईची कमाईही आटली. त्या वर्षी आईने पाटल्या मोडल्या, आमच्या दुधात पाणी वाढलं, माझ्या युनिफॉर्मची शिवण तीनदा उसवून सोडली. ह्याला आमच्या घरात कुणी काटकसर म्हटलं नाही. आई म्हणायची, 'भागवतेय.'

काटकसर तिने त्याआधी केली होती, चार पैसे येत होते तेव्हा. बाजारात शेवटच्या तासाला जायचं, एक नारळ दोन दिवस पुरवायचा, सणाला एकाच ताग्यातलं कापड सगळ्या भावंडांना. पण रविवारी संध्याकाळी आमची चूल बंद असायची. वडील खाली उतरून पाव आणि उसळ घेऊन यायचे. आई गॅलरीत बसून शेजारणीशी बोलत बसायची आणि पावाचा खर्च कुणी मोजायचं नाही. वीस माणसांना आठवडाभर जेवू घालणाऱ्या बाईची ती संध्याकाळ घराच्या हिशोबात धरलेलीच होती. तुमचं पत्र वाचताना मला ती गॅलरी आठवली. तुमच्या ४८ हजारांत तुमची अशी एखादी संध्याकाळ कुठे धरली आहे का?

खानावळवाल्या बायकांचं आणखी एक सांगते. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच बायकांसाठी. तोवर त्या किराणा उधारीवर भरत आणि सावकाराचं व्याज फेडत. मंडळामुळे त्यांना बँकेचं कर्ज मिळू लागलं. अख्खं गिरणगाव ज्यांच्या हातचं जेवत होतं, त्यांचं राबणं हे काम आहे हे कागदावर यायला इतका काळ जावा लागला. घरातल्या काटकसरीचंही तसंच होतं. वाचलेले पैसे वहीत दिसतात, ते वाचवायला कुणाचे हात लागले ते दिसत नाही.

तुम्ही अकाउंट्स बघता, तर ही वही एकदा तुम्हीच मांडा. वर्षाचे गहू एकदम भरले की किलोमागे काही रुपये वाचतात, हे खरं. पण ते गहू चाळायचे, निवडायचे, सोसायटीच्या गच्चीची किल्ली मागून ऊन दाखवायचं, कावळ्यांपासून राखायचे, एरंडेल चोळायचं, कडुनिंबाचा पाला घालून डब्यात भरायचे. पाच माणसांच्या गव्हाला दोन रविवार तरी जातात, आणि तेही एप्रिल-मेच्या उन्हात. ते रविवार कुणाचे गेले? मसाल्याचंही तेच. लालबागच्या मसाला गल्लीत जाऊन मिरच्या निवडायला तुम्हाला आवडत असेल तर जरूर जा, मला तर अजून आवडतं, मसाला कुटायच्या डंखावर तो ठसका बसल्याशिवाय उन्हाळा आला असं वाटत नाही. पण आवडत नसेल, ओझं होत असेल, तर यंदा तयार मसाला आणा आणि गहू महिन्याचे महिन्याला भरा. एक वर्ष करून बघा. किती जास्त लागले ते लिहून ठेवा.

आता पोळ्या. डबे धरून तुमच्याकडे दिवसाला वीस पोळ्या लागत असतील असं मी धरते. केंद्रातली पोळी दहा रुपयांना धरली तर एका दिवसाचे २०० रुपये, आठवड्यातून दोनदा म्हणजे महिन्याला साधारण १,७०० रुपये. घरी करायला कणीक, तेल, गॅस मिळून दिवसाला पन्नासेक रुपये लागतात, ते वजा केले की जादा खर्च १,३०० रुपयांच्या आत. तुम्ही महिन्याला ६४ हजार शिल्लक टाकता. त्यातले १,३०० देऊन तुम्हाला आठवड्यातल्या दोन संध्याकाळी मिळतात. याला उधळपट्टी म्हणणारा हिशोब मला कुणी दाखवावा.

तुमचे यजमान म्हणतील, पैशाचा प्रश्न नाही, आपलं काम आपण करावं हा प्रश्न आहे. हे मत चांगलं आहे. मीही तेच मानते. पण स्वावलंबन म्हणजे स्वतःचं काम स्वतःच्या हातांनी करणं. ते बायकोच्या हातांनी करून घेतलं तर त्याला दुसरं नाव द्यावं लागेल. त्यांना तत्त्व जपायचं असेल तर मंगळवार आणि गुरुवारची कणीक त्यांनी मळावी. ठाण्याहून मुलुंडला पोहोचायला फोर्टपेक्षा कितीतरी कमी वेळ लागतो. पहिले पंधरा दिवस पोळ्या नकाशासारख्या होतील, मग होतील गोल. आणि त्यांना ते नको असेल तर पोळ्या केंद्रातल्या येतील. या दोन्हींतलं काहीही चालेल. सध्या चाललंय ते मात्र चालणार नाही.

मूल्यांची गोष्ट निघालीच आहे तर गांधीजींची एक हकीकत सांगते, त्यांनीच ती आत्मकथेत लिहिली आहे. १९०१ मध्ये ते दक्षिण आफ्रिकेहून परत यायला निघाले तेव्हा तिथल्या भारतीय लोकांनी निरोपाच्या भेटी दिल्या. सोनं, चांदी, हिरे. त्यात ५० गिनींचा एक सोन्याचा हार खास कस्तुरबांसाठी होता. गांधीजींना रात्रभर झोप लागली नाही. लोकसेवेचं मोल घ्यायचं नाही, या भेटींचा समाजासाठी विश्वस्तनिधी करायचा असं त्यांनी ठरवलं, मसुदाही लिहून काढला. बायको ऐकणार नाही हे ठाऊक होतं, म्हणून आधी मुलांना पटवलं आणि मुलांनाच आपले वकील केलं. कस्तुरबांनी विरोध केला. हार मला मिळालाय, उद्या सुना येतील त्यांना काय घालू, आणि तुम्ही केलेली सेवा ती माझीही सेवा नाही का, मी रात्रंदिवस राबले ते कशात धरायचं, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. गांधीजी लिहितात की त्यांची संमती आपण कशीबशी मिळवली. भेटी परत गेल्या, निधी झाला, पुढे त्याचा लोकांना उपयोगही झाला आणि आपल्याला त्याचा कधी पश्चात्ताप झाला नाही, काळ गेला तसं कस्तुरबांनाही पटलं, असं त्यांचं म्हणणं आहे.

मी ही हकीकत पहिल्यांदा वाचली तेव्हा कॉलेजात होते आणि गांधीजींचा निर्णय मला थोर वाटला होता. आजही वाटतो. पण आता वाचते तेव्हा माझं लक्ष 'मी राबले ते कशात धरायचं' यावर जातं. तो प्रश्न हाराबद्दलचा नव्हताच. घरातला एक माणूस मोठ्या विचाराने साधेपणा स्वीकारतो तेव्हा बाकीच्यांना विचारायचं राहून जातं, आणि माणूस जितका चांगला तितकं ते जास्त राहतं, कारण चांगल्या माणसाला नाही म्हणणं अवघड. तुमचे यजमान चांगले आहेत, हे तुमच्या पत्रात ओळीओळीत दिसतं. म्हणूनच तर तुम्ही बोलत नाही आहात.

आता त्यांच्याबद्दल. कारखाना बंद पडलेल्या घरातला नववीतला मुलगा मला नीट कळतो. वडील सकाळी डबा घेऊन बाहेर पडायचे थांबतात, दुपारी घरी दिसायला लागतात, आणि आई वाण्याकडे मुलाला पाठवते कारण तिला स्वतःला जाववत नाही. ते एकदा पाहिलं की पुढे पगार कितीही वाढला तरी हात आखडलेलाच राहतो. माझाही राहिला. माझा मुलगा लहान असताना मी त्याला वर्षानुवर्षं 'परवडत नाही' म्हणत आले, परवडत होतं तेव्हासुद्धा. तो पंचविशीत आला तेव्हा एकदा म्हणाला, 'मला वाटायचं आपल्यावर कसलंतरी कर्ज आहे आणि तुम्ही ते माझ्यापासून लपवताय.' शाळेच्या सहलीचा कागद तो दप्तरातच ठेवायचा, मला दाखवायचाच नाही. हे कळलं त्या रात्री मी जेवले नाही. मी ज्याला साधी राहणी समजत होते त्यात निम्मी भीती होती, आणि ती भीती मी त्याच्या अंगावर घातली होती.

म्हणून त्यांच्याशी बोलताना 'तुम्ही कंजूष आहात' हा शब्द येऊ देऊ नका. ते जाऊबाईंचं बोलणं झालं. त्यांना विचारा, किती साठले की तुम्हाला निवांत झोप लागेल? आकडा विचारा. सहा महिन्यांचा घरखर्च हाताशी असावा असं साधारण धरतात; तुमच्या ४८ हजारांच्या हिशोबाने ते २ लाख ८८ हजार होतात. तुमच्या शिल्लकीतून ते पाच महिन्यांत उभे राहतात, म्हणजे केव्हाच उभे राहिले असणार. दोघांचा टर्म विमा आणि सगळ्यांचा आरोग्य विमा आहे का, तेही बघा. भीतीला असं आकड्यांत बांधलं की ती आटोक्यात येते. आकडा नसला तर कितीही साठलं तरी कमीच.

आणि इथे एक गोष्ट, जी तुम्ही लिहिली नाही. हे सगळे पैसे आहेत कुठे आणि कुणाच्या नावावर? तुम्ही कमावता, तुम्ही वाचवता, तुम्ही राबता. ठेवींच्या पावत्यांवर तुमचं नाव पहिलं किंवा दुसरं आहे का? नुसतं नॉमिनी असणं पुरत नाही. नॉमिनीच्या हाती पैसे येतात, पण त्याने ती मालक होत नाही. सगळ्या ठेवी एकाच बँकेत असतील तर हेही ध्यानात ठेवा की एका बँकेत एका माणसाच्या व्याजासकट ५ लाखांपर्यंतच्याच ठेवींना विम्याचं संरक्षण आहे. सहकारी बँकेत असतील तर अधिकच. या रविवारी दोघं बसून सगळ्या पावत्या एकदा टेबलावर पसरा. तुम्हा दोघांच्या कष्टाचं ते रूप आहे, ते दोघांनी मिळून बघितलेलं बरं.

सासूबाईंच्या एसीबद्दल मी चर्चाही करणार नाही. लावा. हप्त्यावर नको तर रोखीने घ्या, तुम्हाला ते जड नाही. 'आपण लहानपणी कुठे एसीत झोपलो' हे चाळिशीतल्या माणसाने ७६ वर्षांच्या आईबद्दल बोलायचं वाक्य नव्हे. म्हातारपणी घाम कमी येतो, तहान लागलेली चटकन कळत नाही, आणि मुंबईच्या दमट हवेत आलेला घामही वाळत नाही, म्हणजे अंग थंड व्हायचा मार्गच बंद होतो. त्यात बीपीच्या गोळ्या. कूलरवर भागवू असं कुणी सुचवेल, तर मुंबईत तो कामाचा नाही. तो हवेत ओलावाच वाढवतो, नागपूरला ठीक आहे. एक टनाचा, चांगल्या स्टार रेटिंगचा घ्या, २६ वर ठेवा आणि सोबत पंखा मंद लावा. तुमच्याकडे महावितरणची वीज आहे, शंभर युनिटच्या वर दर चढतो, त्यामुळे उन्हाळ्यात महिन्याला दीड-दोन हजार बिल जास्त येईल असं धरून चाला. ज्यांनी आयुष्यभर कारखान्याच्या तुटपुंज्या पगारात आणि पुढे त्याशिवायही घर ओढलं, त्या बाईला झोप लागावी म्हणून हे पैसे. साठवले कशासाठी मग?

मुलीचं उत्तर राहिलं आहे आणि ते लांबवू नका. तिने अंधारात विचारलं, तुम्ही उजेडात सांगा. 'नाही, आपण गरीब नाही. आपल्याकडे पैसे आहेत. आपण काही गोष्टींवर ते खर्च करत नाही, कारण बाबांनी आणि मी तसं ठरवलंय. तुला विचारायचं राहिलं.' एवढं पुरे. मग घरखर्चाची वही तिच्यापुढे उघडा. सातवीतल्या मुलीला शेकडेवारी येते; किती येतात, कशावर जातात, किती उरतात हे तिला समजेल आणि तिची मान पुन्हा ताठ होईल. हेही सांगा की तिच्या वर्गात एखादी मुलगी खरोखरच भागवणाऱ्या घरातली असेल, आणि 'गरीब' हा शब्द तिच्यासमोर जपून वापरायचा असतो.

पुस्तक भेट देण्यात गैर काहीच नाही. पण ती भेट मुलीची होती, तिच्या मैत्रिणीला. निवडायची तिने होती. शंभरचं पुस्तक द्यायचं, दोनशेचा रंगांचा बॉक्स द्यायचा, की स्वतःच्या हाताने काही करून द्यायचं, हे ती ठरवेल तेव्हा त्या भेटीत तिची मान खाली जाणार नाही. तिला महिन्याला ठरावीक पैसे द्या, पाचशे म्हणा, आणि त्याचा हिशोब मागू नका. पहिल्या दोन महिन्यांत ती वाया घालवेल. घालवू दे. चुकीच्या गोष्टीवर गेलेले स्वतःचे तीनशे रुपये जे शिकवतात ते बापाची दहा व्याख्यानं शिकवत नाहीत. तसेच बिनहिशोबी पैसे तुम्हालाही हवेत, त्यांनाही हवेत. दोन-दोन हजार धरा. त्यातून तुम्ही पोळ्या आणा, गजरा घ्या, की कालिदासला जाऊन एकटीने नाटक बघा.

आणि त्या मैत्रिणीला मुलीने एकदा फोन करून खरं सांगितलं तर बरं होईल. सक्ती मात्र नको. तुम्ही तुमचं खरं सांगितलंत की कदाचित ती आपणहून करेल.

वाचनालय, सहामाही पास, हप्त्यावर काही न घेणं, हे सगळं सोडू नका. हे शहर माणसाला दर चौकात खर्चाला बोलावतं आणि तुम्ही बारा-तेरा वर्षं आपल्या मर्जीने जगलात. कर्ज काढून गाडी घेतलेली आणि ती उभी करायला जागा नसल्याने रोज रात्री शेजाऱ्याशी भांडणारी घरं मी पाहिली आहेत. तुमच्याकडे जे आहे ते फार थोड्यांकडे असतं. यादी करा, दोघं मिळून, मुलीलाही बसवा, सासूबाईंनाही विचारा: आपण काय-काय करत नाही, आणि त्यातलं कुणाला काय जड जातं. ज्यात सगळ्यांना समाधान आहे ते राहील. बाकीचं बदलेल. जाऊबाईंना त्या यादीत जागा नाही.

पत्र लिहिलंय हे यजमानांना माहीत नसावं असं मला वाटतं. हे सदर कापून त्यांच्या टेबलावर ठेवू नका, त्यांना ते उघड्यावर बोट दाखवल्यासारखं लागेल. येत्या गुरुवारी केंद्रातून पोळ्या घ्या. जिन्याच्या वळणावर थांबू नका, सरळ वर जा. पिशवी ओट्यावर ठेवा, पोळ्या त्यातच राहू द्या. ते आले की हात-पाय धुऊन होऊ देत, ताटं घ्या आणि सांगा, 'आज विकतच्या आहेत. गेलं वर्षभर मी आणतेय. तुम्हाला सांगायचं धाडस झालं नाही.' पुढे ते काय म्हणतात ते मला कळवा. सासूबाई काय म्हणतात तेही.